एल्डन रिंग, आठ महिन्यांनंतर : सगळं आहे, पॉज नाही

मार्गिट नावाच्या बॉसची, म्हणजे मोठ्या शत्रूची, काठी हवेत आहे, तेवढ्यात दाराची बेल वाजते. सवयीने स्टार्ट दाबलं की मेनू उघडतो, आणि मेनूच्या मागे ती काठी खाली येते. एल्डन रिंग या व्हिडिओ गेमला पॉज नाही. आठ महिने, पावणेतीनशे तास, मूळ गेम आणि 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा त्याचा पुरवणी भाग (डीएलसी) दोन्ही संपवून हे लिहितोय, तरी सगळ्यात आधी लिहावीशी वाटते ती हीच गोष्ट.

गेम चांगला आहे का, हा प्रश्नच उरलेला नाही. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशात पाऊल टाकल्यावर कुठेही जा, प्रत्येक टेकडीमागे काहीतरी हाताने मांडून ठेवलेलं सापडतं. सिओफ्रा या भूमिगत नदीकडे नेणारी लिफ्ट खाली जात राहते, जात राहते, आणि जमिनीखाली ताऱ्यांनी भरलेलं आभाळ उघडतं. असा क्षण दुसऱ्या कुठल्या ओपन वर्ल्डने दिलेला मला आठवत नाही. २०२२ चा द गेम अवॉर्ड्समधला सर्वोत्कृष्ट गेमचा मान त्याला मिळाला, तो योग्यच होता. म्हणूनच ही एक उणीव इतकी खुपते.

पॉज का नाही, यावर ठरलेलं उत्तर मिळतं: गेम ऑनलाइन आहे, दुसरा खेळाडू तुमच्या जगात घुसू शकतो, म्हणून वेळ थांबवता येत नाही. हे उत्तर टिकत नाही. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या, म्हणजे याच कंपनीच्या, जुन्या डार्क सोल्समध्ये एकट्या खेळाडूवरही हल्ला व्हायचा. एल्डन रिंगमध्ये तुम्ही कुणाला मदतीला बोलावलं असेल किंवा टॉन्टर्स टंग ही घुसखोरांना बोलावणारी वस्तू स्वतःहून वापरली असेल, तरच खरा खेळाडू तुमच्या जगात येतो. एकटे फिरत असाल तर येतात ती फक्त गेमने ठरवून ठेवलेली पात्रं. ऑफलाइन खेळणाऱ्याचा तर प्रश्नच येत नाही. याच फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०१९ च्या सेकिरोत पॉज आहे. शिवाय एल्डन रिंगमध्येच नवी वस्तू पहिल्यांदा मिळाल्यावर माहितीची चौकट येते, तेव्हा सगळं जग जागच्या जागी थांबतं. म्हणजे थांबवण्याची सोय आत आहे. बटण तेवढं दिलेलं नाही.

हे इतकं का लागतं, ते मार्गिटशी लढताना नीट कळतं. तो काठी डोक्यावर नेतो आणि तिथेच धरून ठेवतो. हात वर गेला म्हणून लगेच रोल केलात, म्हणजे लोळण घेतलीत, की रोल संपतो आणि बरोबर तेव्हा काठी आदळते. थांबायचं, खांदा खाली झुकायला लागला की मग त्याच्या अंगाच्या दिशेने रोल करायचा, मागे नाही. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. अशा लढाईत नजर एकदा दाराकडे वळली की तो प्रयत्न गेला. कठीण असण्याला माझी हरकत नाही. मार्गिट मला कितीही वेळा मारू दे, पण ते माझ्या चुकीमुळे व्हावं, कुरिअरवाला आला म्हणून नव्हे. (मार्गिटवर अडकलेल्यांसाठी: मर्कवॉटर केव्हमधला पॅचेस हा विक्रेता पाच हजार रून्सना (हे गेममधलं चलन) मार्गिट्स शॅकल ही बेडी विकतो. त्याने मार्गिट काही क्षण जमिनीला खिळतो. पण फक्त दोनदा, आणि तेही त्याने उजेडाचा हातोडा काढायच्या आधीच.)

इथवरचं मत मी साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत ठाम धरून होतो. मग ते थोडं बदलावं लागलं, कारण पॉज आहे. लपवलेला आहे.

मेनू उघडा. इक्विपमेंट किंवा इन्व्हेंटरी, कुठल्याही एका पानात जा. आता तळाच्या ओळीत 'हेल्प' दिसेल. एरवी ज्या बटणाने नकाशा उघडतो तेच ते बटण, म्हणजे प्लेस्टेशनवर टचपॅड, एक्सबॉक्सच्या पॅडवर व्ह्यू आणि कीबोर्डवर जी. ते दाबलं की छोटी यादी येते, त्यातलं 'मेनू एक्स्प्लनेशन' निवडा. स्पष्टीकरणाची चौकट उघडते आणि जग थांबतं. बॉसचा हात हवेत, उडालेली ठिणगी हवेत, सगळं तसंच. चौकट बंद केलीत की जिथे होतं तिथून पुढे. एकट्याने खेळताना बॉसच्या लढाईतही हे चालतं. चार-पाच दिवस सराव केला की बोटांना सवय होते. मात्र दीड-दोन सेकंद लागतातच आणि तेवढ्या वेळात जग चालू असतं, म्हणून आधी एक-दोन रोल करून अंतर काढायचं, मग मेनू. बॉस अंगावर असताना उघडलात तर चौकटीपर्यंत पोचायच्या आत फटका बसतो.

ही युक्ती कळल्यावर राग निम्मा झाला, आणि उरलेला निम्मा जास्त पक्का झाला. म्हणजे तांत्रिक अडचण कधीच नव्हती.

पीसीवर पॉजचे मॉडही, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल, मिळतात. ते वापरायचे तर ईझी अँटी-चीट हा फसवणूक रोखणारा प्रोग्राम बंद करून, ऑफलाइनच गेम चालवावा लागतो. तसा मॉड लावून ऑनलाइन गेलात तर बॅनची जोखीम आहे. फुकटची चौकट असताना ती जोखीम घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ बाहेर पडणे: सिस्टीम, मग क्विट गेम. हा मार्ग जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्याचे नियम ठरलेले आहेत. मोकळ्या मैदानात बाहेर पडलात तर परत आल्यावर तिथेच उभे असता. मारलेले शत्रू मेलेलेच, जिवंत असलेले आपापल्या जागी परत गेलेले. बॉसच्या लढाईत बाहेर पडलात तर बॉसच्या दारातल्या धुक्याच्या भिंतीबाहेर येता, बॉसची तब्येत पुन्हा पूर्ण. रून्स हातातच राहतात, पण प्यायलेले फ्लास्क, म्हणजे तब्येत भरून काढणाऱ्या बाटल्या, परत मिळत नाहीत. म्हणून लढाईच्या सुरुवातीलाच अडथळा आला तर क्विट, फ्लास्क संपत आलेले असताना आला तर चौकट. आधी ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, जाऊन फ्लास्क भरून घेतल्याशिवाय परत भिंतीत शिरू नका.

ज्यांच्याकडे वीज जाते त्यांच्यासाठी मात्र या गेमची सेव्ह करण्याची पद्धत मोठा दिलासा आहे, आणि याचं कौतुक फार कमी ठिकाणी वाचलंय. सेव्ह करण्याचं बटण नाही कारण गेम सतत स्वतःच लिहीत असतो: वस्तू उचलली, शत्रू मारला, लेव्हल वाढवली, लगेच नोंद. वीज गेली तर सहसा काही क्षणांचंच नुकसान होतं. पीएस५ वर अगदी सुरुवातीला अचानक वीज गेली की प्रगती नीट सेव्ह न होण्याचा दोष होता, तो पुढे अपडेटने दुरुस्त झाला. पीसीवर खरा धोका वेगळा आहे: नेमकं लिहीत असतानाच वीज गेली तर फाइलच बिघडू शकते, आणि दहाही पात्रं एकाच फाइलमध्ये असतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात एल्डनरिंग या फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. आत 'ईआर०००० डॉट एसएल२' ही मुख्य फाइल, आणि शेवटी 'डॉट बीएके' लावलेली तिचीच राखीव प्रत असते. प्रत काढताना गेम बंद असावा. या कामाला अर्धं मिनिट लागतं, आणि शेकडो तासांचं काम वाचतं.

आता ज्यांच्या हातात रोज पाऊण-एक तासच असतो, त्यांनी हा गेम कसा खेळावा. वेळ कमी असेल तर या गेममध्ये तलवारीपेक्षा खेळायला बसण्याची वेळ कशी आखता याला जास्त किंमत आहे.

ग्रेसवर बसलेले असताना तुम्हाला कुणी हात लावत नाही, म्हणजे प्रत्येक ग्रेस हा एक नैसर्गिक पॉज आहे. उघड्या जगात नकाशावरून कुठूनही ग्रेसवर उडी मारता येते, शत्रू मागे लागलेला नसेल तर. भुयारं, खाणी आणि कॅटॅकोम्ब्ज (जमिनीखालची थडगी) वेगळे. आत शिरल्यावर बॉस पडेपर्यंत नकाशावरून निघता येत नाही. बॉस पडला की तिथेच दाराशी परत जायची सोय मिळते. त्यामुळे हातात वीस मिनिटांपेक्षा कमी असतील तर कॅटॅकोम्बमध्ये शिरूच नका, त्या दिवशी वरच घोड्यावरून फुलं, मशरूम आणि दगड गोळा करा. मोठ्या बॉससाठी आधी आजूबाजूला मारिकाची मूर्ती, स्टेक ऑफ मारिका, आहे का पाहा. असेल तर मेल्यावर दारातच उठता आणि एक प्रयत्न तीन-चार मिनिटांत होतो. नसेल तर प्रत्येक प्रयत्नात चालण्याची दोन मिनिटं धरा.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे शस्त्र वाढवणं, आणि इथे आकडेमोड करूनच निवड करावी. साधं शस्त्र अधिक २५ पर्यंत जातं. प्रत्येक दर्जाचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र वाढवायचे दगड) दोन, चार आणि सहा असे लागतात, म्हणजे दर्जाला बारा. आठ दर्जांचे ९६, आणि शेवटी एक एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन. सोंबर शस्त्र, म्हणजे वेगळे सोंबर दगड लागणारं खास शस्त्र, अधिक १० वर संपतं आणि प्रत्येक पायरीला एकच दगड, एकूण दहा. एका बाजूला ९७, दुसऱ्या बाजूला १०. कमी वेळ असलेल्याने पहिल्या फेरीत सोंबर शस्त्रच धरावं असं माझं स्पष्ट मत आहे. लिमग्रेव्हमध्येच फोर्लॉर्न हाऊंड एव्हरगेओल या कैदखान्यातला डॅरिविल हा बॉस मारला की ब्लडहाऊंड्स फँग ही तलवार मिळते. तिला स्ट्रेंग्थ (ताकद) १८ आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) १७ लागते, आणि ती शेवटपर्यंत पुरते. तोटा एकच: सोंबर शस्त्रावरचं कौशल्य, म्हणजे ॲश ऑफ वॉर, बदलता येत नाही.

दगड शोधत फिरण्यापेक्षा दुकानात आणा. केलिडमधल्या सेलिया क्रिस्टल टनेलचा फॉलिंगस्टार बीस्ट पाडला की सोंबरस्टोनची पहिली बेल बेअरिंग मिळते. ती राउंडटेबल होल्डमधल्या जुळ्या म्हाताऱ्यांना, ट्विन मेडन हस्क्सना, दिली की पहिल्या दोन दर्जांचे दगड हवे तेवढे विकत मिळतात. दुसरी बेअरिंग आल्टस टनेलमध्ये दोन क्रिस्टॅलियन्सकडे आहे. इथे बहुतेक जण धारदार तलवारीने तासभर खरवडत बसतात. क्रिस्टॅलियनचा तोल मोडेपर्यंत त्याला फारसं लागतच नाही. गदा किंवा हातोडा घ्या, उडी मारून जड फटके द्या, काच तडकल्यासारखा आवाज येऊन तो गुडघ्यावर आला की मग काहीही चालतं. साध्या दगडांची पहिली बेअरिंग लिउर्नियात राया लुकारिया क्रिस्टल टनेलमध्ये, तिथेही क्रिस्टॅलियनच.

व्हिगरवर, म्हणजे तब्येत वाढवणाऱ्या गुणावर, कंजूसपणा करू नका. दहावर तब्येत ४१४ असते, चाळीसवर १४५०, साठवर १९००. साठच्या पुढे नव्व्याण्णवपर्यंतची सगळी लेव्हल ओतली तरी फक्त दोनशे वाढतात. म्हणून आधी चाळीस, मग शस्त्राला लागेल ते, आणि डीएलसीत जाण्यापूर्वी साठ. अंगावरच्या सामानाचं वजन क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर रोल इतका जड होतो की मार्गिटबद्दल वर लिहिलेलं काहीच लागू पडणार नाही.

पॉजनंतरची माझी दुसरी तक्रार त्याच जातीची आहे: गेम तुमच्यासाठी काही लक्षात ठेवत नाही. कामांची यादी नाही. कोण काय म्हणालं याची नोंद नाही. मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटपासून भेटलेल्या पात्रांची नावं नकाशावर दिसतात, तेवढा आधार. रोज चार तास खेळणाऱ्याला याचं काही वाटत नाही, पण ज्याच्या दोन बैठकींमध्ये आठवडा जातो त्याच्या कथा हातातून निसटतात. उदाहरण अलेक्झांडरचं. हा भला मोठा रांजण स्टॉर्महिलच्या उत्तरेला जमिनीत रुतलेला भेटतो, त्याला मागून जोरात फटके मारून सोडवायचं. मग तो रादान या बॉसच्या जत्रेत दिसतो. त्यानंतर लिउर्नियात जारबर्गच्या वरच्या अंगाला पुन्हा रुततो, आणि या वेळी नुसते फटके पुरत नाहीत. आधी त्याच्यावर ऑइल पॉट फोडायचा, मग मारायचं. हे तो बोलण्यातून सुचवतो, पण कुठेही लिहिलेलं राहत नाही. शाळेची शंभर पानी वही शेजारी ठेवा. पात्राचं नाव, जागा, शेवटचं वाक्य, एवढं जरी लिहिलं तरी पुरतं.

डीएलसीत शिरण्यासाठी रादान आणि मोग हे दोघेही बॉस पडलेले असावे लागतात. २१ जून २०२४ ला डीएलसी आला तेव्हा बरेच जण मोगपाशी अडले. त्याच्याकडे जायचा लवकरचा रस्ता व्हॅरे या पात्राच्या कामातून जातो आणि त्यात अगदी सुरुवातीला दुसऱ्या खेळाडूंच्या जगात तीनदा घुसावं लागायचं. ऑफलाइनवाल्यांची त्यात कोंडी होती. डीएलसीच्या आधीच, २०२२ च्या एका अपडेटने आल्टसमधल्या राइथब्लड रुइन्समध्ये मॅग्नस नावाच्या पात्रावर स्वारी करायची सोय दिली, तीही चालते. ते जमत नसेल तर कॉन्सिक्रेटेड स्नोफील्डच्या पश्चिमेचं पोर्टल आहेच, फक्त तिथे पोचेपर्यंत गेमचा बराचसा भाग पार झालेला असतो.

आत गेल्यावर तुमची लेव्हल १५० असो की २००, मार सारखाच बसतो असं वाटतं. कारण तिथली खरी ताकद स्कॅडूट्री फ्रॅगमेंट्स या गोळा करायच्या तुकड्यांची. एकूण ५०, त्यातून २० पायऱ्या. त्या फक्त डीएलसीच्या प्रदेशातच लागू होतात. डीएलसी आला त्याच महिन्यात अपडेटने सुरुवातीच्या पायऱ्यांचा जोर वाढवला, त्यामुळे आता पहिले काही तुकडे सगळ्यात जास्त फळ देतात. डान्सिंग लायन या बॉसशी डोकं फोडण्याआधी ग्रेव्हसाइट प्लेन हा डीएलसीचा सुरुवातीचा प्रदेश पिंजून काढा. तुकडे शोधायच्या जागा: मिकेलाचे क्रॉस, पडकी चर्चेस, आणि मोठं मडकं वागवत फिरणाऱ्या काळ्या सावल्या. त्या सावल्या सहज नजरेतून सुटतात आणि त्यांच्याकडे तुकडा असतो.

पीसीवाल्यांना थोडक्यात: किमान १२ जीबी रॅम मागतो, ६० फ्रेम्सच्या वर जात नाही, अल्ट्रावाइड मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. हार्ड डिस्कवर टाकू नका. हा गेम तुम्हाला शेकडो वेळा मारणार, आणि दर वेळी लोडिंग बघत बसण्यात जी मिनिटं जातात ती एसएसडी वाचवते. नेट वारंवार तुटत असेल तर सिस्टीमच्या नेटवर्क पानात लाँच सेटिंग ऑफलाइन करून ठेवा, नाहीतर कनेक्शन गेलं की गेम मुख्य मेनूवर फेकतो.

मित्राला बोलावून खेळणार असाल तर वरचं सगळं विसरा. तिथे मेनू एक्स्प्लनेशनची चौकट जग थांबवत नाही, यजमानाला ग्रेसवर बसता येत नाही, टॉरेंट घोडाही येत नाही, आणि घुसखोरांसाठी दार उघडं असतं. त्यामुळे जोडीने खेळायला कॅटॅकोम्ब किंवा खाणच निवडा. वीस-पंचवीस मिनिटांत बॉस पडतो, मित्र आपोआप आपल्या जगात परत जातो, आणि पुढचं बोलावणं धाडण्याआधी दार, फोन, गॅस सगळं बघून येता येतं.